रुपयाचं कोडं आणि बाबासाहेब

एप्रिल महिना आला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास येतात, सबमिशन आणि १४ एप्रिल. उल्हासनगर स्टेशनपासून थेट बदलापूर गावापर्यंत चौकाचौकात निळे झेंडे लागतात, रात्री होस्टेलच्या खिडक्या डीजेने थरथरतात आणि कोणीतरी हमखास वैतागतं, कारण त्याचा दुसऱ्या दिवशी व्हायवा असतो. चौकातल्या फोटोत डॉ. बाबासाहेब आंबेडकर निळ्या सुटात, चष्मा लावून, हातात राज्यघटना घेऊन उभे असतात. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे हिस्टरीच्या पुस्तकातही एवढंच होतं. अर्धं पान, एक फोटो, घटनेचे शिल्पकार, पुढचा धडा!

त्यामुळे हातातलं पुस्तक कायम घटनाच असणार असं मी धरून चाललो होतो. मग कधीतरी कळलं की वयाच्या बत्तिसाव्या वर्षी या माणसाने लंडनमध्ये एक जाडजूड पुस्तक छापलं होतं आणि त्याचा विषय जात नव्हता, कायदाही नव्हता. विषय होता रुपया. द प्रॉब्लेम ऑफ द रुपी. मी ते इंग्रजीतून वाचायला घेतलं, पहिल्या वेळी चाळीस पानांत हात टेकले. दुसऱ्या वेळी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कुठे डोक्यात शिरायला लागलं. हा लेख त्या दुसऱ्या वेळेचा आहे. चवदार तळं, काळाराम मंदिर, पुणे करार हे सगळं आपल्याला थोडंफार माहीत असतं, म्हणून इथे फक्त अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांबद्दल लिहितो.

सुरुवातीचं भराभर सांगतो. जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि १९१२ साली बी.ए. विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. म्हणजे अर्थशास्त्र पहिल्यापासून होतं. १९१३ च्या सुरुवातीला बडोद्यात नोकरी धरली, तेवढ्यात फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

तिथे त्यांनी विषय घेतले ते बघून आपण इलेक्टिव्ह निवडताना सिनियर्सना सोपा पेपर कोणता ते विचारतो याची लाज वाटते. एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स! शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान. त्यांना शिकवणारे एडविन सेलिग्मन हे त्या काळी करपद्धतीवरचे जगातले मोठे नाव. १९१५ साली एम.ए. झालं. त्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि पैशाचा हिशेब यावर त्यांनी प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला.

हा प्रबंध पुढे १९२५ साली पुस्तक म्हणून आला, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेची उत्क्रांती असा त्याचा विषय. ऐकायला कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटला होता. पण आपल्या गॅदरिंगचा विचार करा. समजा सगळे पैसे ऑफिसमध्ये जमा होतात आणि प्रत्येक डिपार्टमेंटने फक्त मागायचे. पैसे गोळा करायची जबाबदारी डिपार्टमेंटवर नाही, वाचवले तर पुढच्या वर्षी आपल्याला मिळणार नाहीत. मग काय होईल? जो जास्त आरडाओरडा करेल त्याला जास्त मिळेल आणि काटकसर करणारा मूर्ख ठरेल. १८३३ पासून १८७१ पर्यंत कलकत्त्याचं सरकार आणि मुंबई, मद्राससारखे प्रांत यांच्यात असाच व्यवहार चालत होता. कर सगळे वरच्या सरकारचे, खर्च प्रांतांनी करायचा, तिजोरी कायम तुटीत. १८७१ साली लॉर्ड मेयोने प्रांतांना ठरावीक रक्कम बांधून दिली, १८७७ पासून काही करांचं उत्पन्नच प्रांतांकडे सोपवलं, १८८२ पासून काही करांची वाटणी सुरू झाली. बाबासाहेबांनी हे तीन टप्पे आकडेवारीसकट मांडले आणि दाखवलं की अधिकार प्रांतांना दिल्यासारखं दिसतं, पण दोरी वरच्याच सरकारच्या हातात राहते. हे पुस्तक त्यांनी सयाजीरावांना अर्पण केलं आणि प्रस्तावना सेलिग्मन यांनी लिहिली.

कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळायची नाही. छापायला पैसे कुठून आणणार? म्हणून १९१६ साली मान्य झालेल्या प्रबंधाची पीएच.डी. प्रत्यक्षात जून १९२७ मध्ये मिळाली. अकरा वर्षं! आपली केटी दोन वर्षं राहिली तरी घरी तोंड दाखवता येत नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, शिवाय बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये. पण १९१७ साली स्कॉलरशिपची मुदत संपली आणि परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः सुखरूप मुंबईला पोचले, पण त्यांची पुस्तकं आणि सामान ज्या दुसऱ्या जहाजात होतं ते पाणबुडीने बुडवलं. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झालं ते बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. कोलंबियाहून आलेला माणूस, महाराजांच्या लष्करी सचिवाच्या कचेरीत अधिकारी, आणि गावात राहायला खोली मिळेना. कचेरीतले शिपाई लांबून फायली फेकायचे. पारशी सराईत नाव बदलून राहिले तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. नोकरी सोडून मुंबईला परतले. मी हे इथे एवढ्यासाठी सांगतो की महाराजांच्या मनात त्यांना पुढे संस्थानचा अर्थमंत्री करायचं होतं. तो रस्ता असा सराईच्या दारात बंद झाला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. सुरुवातीला मुलांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही, पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजची मुलंही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसायला लागली. स्टाफरूममध्ये मात्र त्यांनी सगळ्यांच्या माठातलं पाणी प्यायचं नाही, यावर काही सहकारी अडून बसले होते. तास ऐकायला गर्दी आणि पाण्याला बंदी, एकाच इमारतीत.

याच काळात, १९१८ साली, त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक लेख लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते की शेतीचे तुकडे झालेत म्हणून शेतकरी गरीब आहे, तर तुकडे जोडा. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं पडलं. जमीन लहान की मोठी हे नुसतं एकर मोजून ठरत नाही, त्या जमिनीवर किती भांडवल आणि किती माणसं आहेत यावर ठरतं. इथे जमिनीवर माणसंच जास्त झाली आहेत, निम्म्यांना खरं कामच नाही, आणि ती माणसं कारखान्यात गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. पन्नासच्या दशकात विकासाचं अर्थशास्त्र म्हणून हेच जगभर शिकवायला लागले. आपल्या बाजूच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ज्यांचे आजोबा भातशेती सोडून फॅक्टरीत लागले त्यांना हा लेख समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन. यावेळची गोष्ट प्रत्येक होस्टेलवाल्याने वाचावी. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग दिवसभर लायब्ररी. ब्रिटिश म्युझियमचं दार उघडायच्या आधी हजर, बंद होताना शेवटी बाहेर. रात्री पुन्हा वाचन, भूक लागली तर ओळखीच्या एका माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. मुंबईत रमाबाई घर कसं चालवत होत्या तो तर वेगळाच लेख होईल. आपण मेसच्या डाळीवरून संप करतो. असो.

१९२१ साली एम.एस्सी. झाली, १९२२ साली बॅरिस्टर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी रुपयावरचा प्रबंध दिला.

आता मुख्य विषय. रुपयाचा प्रॉब्लेम म्हणजे नेमका काय प्रॉब्लेम?

१८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच चांदीचा रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. तुमच्याकडे चांदी असेल तर टांकसाळीत द्या, रुपये पाडून घ्या. रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा. जोपर्यंत सोनं आणि चांदी यांचा भाव एकमेकांशी स्थिर होता तोपर्यंत सगळं ठीक चाललं. १८७० च्या सुमाराला एका रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत. (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड.) मग जर्मनीसारखे देश चांदी सोडून सोन्याकडे गेले, चांदीच्या नव्या खाणी सापडल्या आणि चांदी गडगडली. १८९४-९५ मध्ये रुपया १ शिलिंग १ पेनीच्या आसपास आला.

याचा अर्थ काय ते गणिताने बघू. लंडनमध्ये बसलेल्या एखाद्या रिटायर्ड साहेबाला हिंदुस्थानच्या तिजोरीतून १०० पौंड पेन्शन द्यायची आहे. २ शिलिंगच्या भावाने त्याला १००० रुपये लागत. १३ पेन्सच्या भावाने तेच १०० पौंड १८४६ रुपयांना पडतात. साहेब तोच, पेन्शन तीच. पेन्शन, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च हे सगळं सोन्यात द्यायचं आणि इथल्या शेतकऱ्याकडून शेतसारा घ्यायचा चांदीत. सरकार घाबरलं नसतं तरच नवल.

१८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आता रुपये फक्त सरकार पाडणार. रुपये कमी झाले, भाव चढला आणि १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर, तो टिकवायचं ठरलं. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याची नाणी चालू करा असं सुचवलं होतं, पण प्रत्यक्षात झालं भलतंच. देशात चांदीचे रुपये आणि नोटा फिरणार, सोनं लंडनमध्ये साठवणार, आणि त्या साठ्याच्या जोरावर परदेशी व्यवहारात भाव सांभाळणार. याला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स या तेव्हाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून या पद्धतीचं कौतुक केलं. सोनं खिशात फिरवून झिजवण्यापेक्षा पेढीत ठेवणं शहाणपणाचं, असा त्याचा साधारण सूर. केन्स म्हणजे पुढे ज्याच्या नावाने अर्थशास्त्रातलं अख्खं एक घराणं ओळखलं गेलं तो.

बाबासाहेबांनी नेमका त्याच्यावरच वार केला. त्यांचा प्रश्न साधा होता. या पद्धतीत रुपये किती पाडायचे यावर लगाम कोणाचा? चांदीच्या जुन्या पद्धतीत चांदी मिळवायला खर्च यायचा, तोच लगाम होता. आता एका रुपयातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त, म्हणजे पाडणाऱ्या सरकारला प्रत्येक नाण्यामागे नफा. ज्याला जास्त पाडण्यात नफा आहे त्याच्याच हातात पाडण्याचा हँडल! इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना मी सांगायला नको की ज्या सिस्टीममध्ये फीडबॅक नाही आणि ऑपरेटरला ओव्हरशूटमध्येच फायदा आहे तिचं काय होतं. पहिल्या महायुद्धात तेच झालं. रुपयांचा आणि नोटांचा पूर आला, १९१७ साली एक रुपयाची आणि १९१८ साली चक्क अडीच रुपयांची नोट काढावी लागली, महागाई भडकली. चांदी महागल्यावर १९२० साली रुपया २ शिलिंगला बांधायचा प्रयत्न झाला, तो काही महिन्यांत फसला.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो त्यांचा दुसरा मुद्दा. सरकार म्हणत होतं की पौंडाशी भाव स्थिर आहे म्हणजे रुपया स्थिर आहे. बाबासाहेब म्हणत होते की लंडनमध्ये रुपयाला किती पेन्स मिळतात यापेक्षा परळच्या बाजारात रुपयाला किती ज्वारी मिळते ते बघा. विनिमयाचा दर ठीक असूनही आतल्या आत रुपया पोकळ होऊ शकतो, आणि त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही.

इथे ते व्यापाऱ्यांनाही सोडत नाहीत. रुपया घसरला की निर्यात करणारे खुश होतात. गिरणीमालक तेव्हा उघड सांगत की रुपया स्वस्त ठेवा, देशाचा फायदा आहे. बाबासाहेबांनी विचारलं की हा फायदा येतो कुठून? समजा आपल्या शेजारच्या आनंदनगर एमआयडीसीत एक कारखाना माल बाहेर पाठवतो. डॉलर वर गेला, त्याच मालाचे मालकाला जास्त रुपये मिळाले. पण तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी वाढत नाही. तेल, गॅस, डाळ मात्र वाढतात. मजुरी वाढेपर्यंतच्या त्या मधल्या काळात मालकाला जे सुटतं ते परदेशातून आलेलं नसतं, ते मजुराच्या ताटातून आलेलं असतं. देशाला फायदा झाला असं आपण म्हणतो तेव्हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेलं असतं, एवढंच. (एमआयडीसी आणि डॉलर हे माझं उदाहरण, हिशेब त्यांचा.) अस्पृश्यांच्या वस्तीत आणि गिरणीकामगारांच्या चाळीत वाढलेल्या माणसालाच हे दिसावं यात मला योगायोग वाटत नाही. पण पुस्तकात कुठे रडगाणं नाही. सगळं कोष्टकांनी आणि किमतींच्या आकड्यांनी.

त्यांचा उपाय असा होता: रुपये पाडणं कायमचं थांबवा, लोकांसाठीच नाही, सरकारसाठीसुद्धा. सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडा. सोन्याचं नाणं आणि रुपया यांचं प्रमाण कायद्याने ठरवा, दोन्ही चालू द्या, पण एकाच्या बदल्यात दुसरं द्यायची जबाबदारी सरकारवर ठेवू नका. थोडक्यात, हँडलच काढून टाका.

मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांना हे सगळं पटलं नव्हतं. तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली आणि मतभेद असूनही मांडणीत ताजेपणा आहे हे मोकळेपणाने मान्य केलं. असा गाईड मिळायला नशीब लागतं! परीक्षकांनी मात्र मार्च १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितला. ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली म्हणून, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला आले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला, निष्कर्ष तसेच ठेवले आणि पाठवून दिला. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली, डिसेंबरात पुस्तक आलं. ते त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग कमिशनसमोर त्यांची साक्ष झाली. याच कमिशनने १९२६ साली रिझर्व्ह बँक काढायची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. त्यावरून दरवर्षी फॉरवर्ड फिरतात की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून निघाली. मला हे जसंच्या तसं पटत नाही. त्यांनी मांडलेला उपाय मध्यवर्ती बँकेचा नव्हता, सोन्याच्या नाण्याचा होता, आणि कमिशनने तो स्वीकारला नाही. पण चलन सरकारच्या लहरीवर सोडू नये आणि आतल्या किमती स्थिर ठेवणं हे चलनाचं पहिलं काम आहे, हे त्यांनी कमिशनला तोंडावर सांगितलं हे खरं आहे. तेवढं पुरेसं मोठं आहे, त्याला फोडणी द्यायची गरज नाही.

त्यांचा सोन्याचा उपाय काळाने मोडीत काढला हेही लिहिलं पाहिजे. १९३१ साली खुद्द इंग्लंडने सोनं सोडलं, १९७१ साली अमेरिकेने. प्रश्न मात्र राहिला. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या आत ठेवायचं बंधन घातलं गेलं, तेव्हा आतली किंमत आधी की बाहेरचा दर आधी हाच वाद पुन्हा सगळ्या पेपरांत चालू होता. त्याला तोवर नव्वदहून जास्त वर्षं झाली होती.

एवढं करून हा माणूस अर्थशास्त्राचा प्राध्यापक का राहिला नाही? पोट भरायला वकिली सुरू केली, १९२५ पासून मुंबईत एका अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, आणि बाकीचा वेळ चळवळीने घेतला. १९२७ हे एकच वर्ष बघा. फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळात बजेटवर भाषण. त्यात त्यांनी विचारलं की ठरावीक रकमेच्या खाली इन्कम टॅक्स नाही, मग पीक येवो न येवो, एक-दोन एकरवाल्याकडूनही शेतसारा का? मार्चमध्ये महाड. ३ मे रोजी आपल्या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष, मुक्काम पालयेशास्त्रींकडे. जूनमध्ये कोलंबियाची ती राहिलेली पीएच.डी. बदलापूर स्टेशनवर रोज उतरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते माहीत असेल? मला नव्हतं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मजूर खात्यातच तेव्हा पाणी आणि वीज येत. दामोदर खोऱ्याची योजना, १९४४ चं केंद्रीय वीज मंडळ, १९४५ चा जलमार्ग आणि सिंचन आयोग हे त्याच काळातलं. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी यावर वेगळा लेख लिहावा, मी मागे लागणार नाही. घटनेतला वित्त आयोग, म्हणजे केंद्राने राज्यांना किती वाटा द्यायचा ते दर पाच वर्षांनी ठरवणारी यंत्रणा, वाचताना मात्र कोलंबियाचा तो जुना प्रबंध आठवतो. मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरं कोणीतरी बसवलं की आरडाओरड्याने भागत नाही.

१९४७ साली, देश स्वतंत्र व्हायच्या तोंडावर, रुपयाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मुंबईत निघाली. नाव बदललं होतं, भारतीय चलन आणि बँकिंगचा इतिहास, खंड पहिला. १९२३ नंतरची कथा दुसऱ्या खंडात लिहायचं त्यांनी जाहीर केलं. पण त्याच वर्षी ते कायदामंत्री झाले आणि मग घटना समिती, हिंदू कोड बिल. सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला तेव्हाच्या निवेदनात हिंदू कोड बिलासोबत एक तक्रार अशीही होती की नियोजन खातं द्यायचं बोलणं झालं होतं आणि ते कधी मिळालं नाही, आर्थिक विषयाच्या मंत्रिमंडळ समित्यांवरही घेतलं नाही. कोलंबिया आणि लंडन इथल्या दोन डॉक्टरेट, दोन्ही पैशाच्या विषयात, आणि चार वर्षं मंत्रिमंडळात असून पैशाच्या एकाही खात्याशी संबंध नाही. शाळेच्या अर्ध्या पानात हे बसलं नसावं.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत ते गेले. १९८९ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या लेखनाचा सहावा खंड काढला, त्यात कंपनीचा हिशेब, प्रांतांचा पैसा आणि रुपया ही तिन्ही पुस्तकं एकत्र आहेत. किंमत अगदी किरकोळ, वजन मात्र मशीन डिझाइनच्या डेटा बुकापेक्षा जास्त. रुपयाच्या इतिहासाचा दुसरा खंड त्यात नाही. तो लिहायचा राहून गेला.